व्हिडिओ गेमच्या इतिहासात आपलं ठाणं कुठे आहे?

'व्हिडिओ गेमचा इतिहास' या नावाने जे काही सध्या फिरतं, त्याची गाडी ठरलेल्या स्टेशनांवरच थांबते. १९७२ला अटारी कंपनीचा 'पाँग', १९८३ला अमेरिकेत बाजार कोसळला, दोन वर्षांनी निन्टेन्डोने तो सावरला, पुढे सोनी, पुढे मोबाइल. माझा भाचा हे सगळं धडाधड म्हणून दाखवतो. त्यात खोटं काही नाही. पण हा मुख्यतः अमेरिकेतल्या दुकानांचा इतिहास आहे, आणि आपण तो जगाचा समजून वाचतो.

१९८३चंच बघा ना. तिकडे अटारीने न खपलेल्या कॅसेटी न्यू मेक्सिकोच्या कचराभूमीत पुरल्या (२०१४ला खणून काढल्या, तर खरंच सापडल्या!). इथे आशियाडमुळे रंगीत टीव्ही येऊन जेमतेम वर्ष झालेलं. कोसळायला बाजार होताच कुठे? त्याच जुलैत जपानमध्ये निन्टेन्डोचा फॅमिकॉम, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचा डबा, आला आणि आपली गोष्ट खरी तिथून सुरू होते. मात्र निन्टेन्डोचा असली डबा आमच्या ओळखीत कुणी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. आम्हाला मिळाली त्याची नक्कल, कुणाकडे 'मीडिया' नावाची, कुणाकडे 'लिटल मास्टर'. पुढे पुढे तर नक्कल करणाऱ्यांनी फॅमिकॉमचं सगळं डोकं एकाच चिपमध्ये कोंबलं आणि वर डांबरासारखा काळा ठिपका ओतला. किंमत उतरली ती त्यामुळे. नाहीतर ठाण्याच्या वर्तकनगरात, आमच्यासारख्या एका पगारावर चालणाऱ्या घरात टीव्ही गेम येता ना!

आणि त्या पिवळ्या कॅसेटी! वर '९९९९९९९ इन वन' लिहिलेलं, आत मोजून थोडेच गेम. बाकी सगळी त्याच गेमची वेगवेगळ्या लेव्हलपासून सुरू होणारी भावंडं. १९८४चा 'डक हंट', १९८५चा 'मारिओ', १९८८चा 'कॉन्ट्रा' असे सगळे एकाच दिवशी, एकाच यादीतून घरात आले, तेही नव्वदचं दशक अर्धं सरल्यावर. कुठला आधीचा, कुठला कुठल्या कंपनीचा, काही पत्ता नाही. अमेरिकन मुलाने जे वर्षावर्षाने पाहिलं ते आम्ही एका मे महिन्यात उरकलं. मग त्याचा कालक्रम आपला कसा असेल?

यादीतल्या 'टँक'वर तर माझा खास जीव. तो नामकोचा 'बॅटल सिटी', १९८५चा. खाली विटांच्या आत गरुड, त्याला वाचवायचं. दोघांनी एकत्र खेळायचं आणि हमखास एकमेकांवरच गोळ्या झाडायच्या. शिवाय विटा, पाणी, झाडी हवी तिथे मांडून आपली लेव्हल आपणच बांधायची सोय! आम्ही तर गरुडाभोवती लोखंडी भिंत घालून मोकळे व्हायचो. हा गेम फॅमिकॉमच्या काळात अमेरिकेत अधिकृतपणे आलाच नाही, त्यामुळे तिकडच्या 'सर्वोत्तम शंभर'मध्ये सहसा दिसत नाही. ठाण्यात माझ्या वयाच्या कुणालाही विचारा, टँक खेळलाय का म्हणून.

तसाच 'मुस्तफा'. कॅपकॉमचा १९९३चा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', पण व्हिडिओ गेम पार्लरमध्ये या नावाने कोण ओळखायचं त्याला? पिवळ्या टोपीवाल्यावरून गेमचंच नाव मुस्तफा पडलं. मी तो दारातूनच पाहिला. भावाला जेवायला ओढून आणायची ड्युटी माझी, आणि पार्लरमध्ये मुलींनी पाऊल टाकायचं नाही हे कुणी न सांगताही सगळ्यांना ठाऊक. म्हणून पार्लरच्या आठवणींत गळा काढणाऱ्या पोस्टी वाचताना मला वाटतं, बाबांनो, हा अर्ध्याच गावाचा इतिहास आहे. आम्हाला जे काही खेळायला मिळालं ते टीव्ही गेममुळे, घरात.

तेही दुसऱ्या खेळाडूच्या रिमोटवर. असली फॅमिकॉमच्या दुसऱ्या रिमोटला स्टार्ट आणि सिलेक्ट ही बटणंच नव्हती आणि आमच्या नकलेने तेवढं मात्र इमानदारीने उचललं होतं. गेम निवडणार पहिला रिमोटवाला, थांबवणार तोच. 'कॉन्ट्रा'त धबधब्याची लेव्हल आली की दादा भराभर वर उड्या मारणार, त्याच्यामागे पडदा वर सरकणार आणि खाली राहिलेली मी आपोआप मरणार. वर मलाच ऐकवायचा, "तुला जमत नाही!"

आता मुद्द्याचं. २०२३ला अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने एक पाहणी केली. तिथे २०१०च्या आधी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज विकत मिळत नाहीत. हे अमेरिकेचं, जिथे बिलं, मासिकं, जाहिराती जपलेल्या आहेत. आपल्या पिवळ्या कॅसेटी तर कुठल्याच वहीत नाहीत. चोरीचा माल होता, मान्य. पण ज्यांनी आपल्याला विकायचा फारसा विचारच केला नाही, त्यांचं यात किती नुकसान झालं हे मला कुणी समजावून सांगावं. चोरीचा होता म्हणून इतिहासातूनही वगळायचा, हे मला पटत नाही. गेम बनवला जपानने, पण मे महिन्यात तो दिवसाच्या भाड्याने देणारा व्हिडिओ लायब्ररीवाला, जळलेला अडॅप्टर बदलून देणारा, जॉयस्टिकची वायर कापून परत जोडणारा, ही आपली माणसं होती. त्यांच्याबद्दल चार ओळीही मला कुठे सापडल्या नाहीत.

तर माळ्यावर एखादी कॅसेट निघाली तर दिवाळीच्या साफसफाईत भंगारात देऊ नका. लेबलचा फोटो खाली टाका. नौपाडा, कळवा, कोपरी, घणसोली, वाशी, कुठूनही असो. सोबत लिहा, कुठून घेतली, कोणत्या साली, भाड्याची असेल तर भाडं किती आणि डिपॉझिट काय ठेवलं होतं. आणि मुलींनो, तुमच्यापैकी कुणाला पहिला रिमोट मिळायचा? ती मला भेटायलाच हवी.