कवळीची राखण

मी बूट सोडायला खाली बसले होते. एवढंच. शुक्रवारपासून घरात सगळ्यांना हे सांगतेय आणि कुणी मनावर घेत नाही, म्हणून आता लिहूनच ठेवते.

तर वादी शाब. ओमानमध्ये मस्कतहून सूर शहराच्या रस्त्याने दीडेकशे किलोमीटरवर तिवी गावाजवळ पूर्व हजर डोंगरातली ही घळ समुद्राला येऊन भिडते. वरून हायवेचा पूल जातो, पुलाखाली गाडी लावायची, माणशी एक रियाल मोजून बोटीत बसायचं आणि ढेकर द्यायच्या आत पलीकडे उतरायचं. (एका रियालचे रुपये किती, हा हिशेब आमच्याकडे दर वेळी मोठ्याने केला जातो. बोटवाल्यालाही आता मराठी आकडे पाठ झाले असतील.) पुढे पाऊण तास चालत गेलं की हिरवी-निळी कुंडं, मग थोडं पोहणं आणि शेवटी गुहेत धबधबा. सोपं आहे, लहान मुलंसुद्धा जातात, असं ज्यांनी ज्यांनी आम्हाला सांगितलं त्या सगळ्यांचे गुडघे मला एकदा बघायचे आहेत. सुरुवातीला खजुराची झाडं, केळी, कातळाला बिलगून जाणारा फलज, म्हणजे आपला पाटच, हे सगळं छानच. गुलाबी कण्हेर तर इतकी, की एखादा देव सापडला असता तर पूजाच मांडली असती. मग मोठाले धोंडे सुरू होतात आणि लहान मुलं उड्या मारत पुढे निघून जातात.

असो. शेवटच्या कुंडाशी पोचलो. इथून पुढे पाण्यातूनच जायचं, म्हणून जो तो आपलं सामान दगडांवर ठेवतो. ह्यांनी टी-शर्टसकट सूर मारला, पाठोपाठ चिरंजीव. “तू ये गं मागून!” हे आरामात म्हणून दोघं वळणाआड गेले. मला पोहता येतं. आजोळच्या विहिरीत शिकलेय, ह्यांच्यापेक्षा चांगलं येतं. अंगभर झाकणारा पोहायचा पोशाख मुद्दाम आणला होता, कारण इथे पोहताना अंगभर कपडे असावेत अशी अपेक्षा असते आणि ती रास्तच आहे. तो मी घरूनच आत घालून आले होते. बूट काढायचे आणि पाण्यात शिरायचं, बस. पण नाडीची गाठ ओली होऊन घट्ट बसली होती, आणि मी स्वतःशीच, पण जरा मोठ्याने म्हणाले, “मेली गाठ सुटेल तर शपथ!”

“अरे वा! मराठी!”

पाठीमागे साठी उलटलेले एक गृहस्थ. बनियन, गुडघ्यापर्यंत चड्डी, गळ्यात शिट्टी, कमरेभोवती बदकाचं तोंड असलेली लहान मुलांची फुगवायची रिंग. त्यांच्यामागे त्यांचे जावई. हा जावई पूर्ण प्रकरणात एक शब्द बोलला नाही. त्याच्याबद्दल माझ्या मनात काहीही नाही, उलट करुणाच आहे.

“काकू, तुम्ही बसताय ना?”

काकू! ते माझ्याहून किमान पंधरा वर्षांनी मोठे असतील. त्यांनी मला ताई म्हटलं असतं, वहिनी म्हटलं असतं, अगदी ‘ओ बाई’ चाललं असतं.

“नाही, मी बूट काढतेय.”

“काढा, काढा. निवांत पाय पसरून बसा. आम्हाला घाई नाही.” असं म्हणून त्यांनी माझ्या मांडीवर गाडीची किल्ली ठेवली. “ही जावयांची. आत चिप आहे. भिजली तर सगळ्यांना इथेच मुक्काम. हा चष्मा. दुसरा आणलेला नाही, तेव्हा जपून. ही बीपीची गोळी. मी परत आलो आणि गप्प गप्प वाटलो तर द्या. बोलत असलो तर नका देऊ. आणि हा मोबाईल. वाजला तर उचला, आमची मंडळी असेल. पोहतायत म्हणून सांगू नका, तिला धास्ती बसते. चालतायत म्हणा.”

“अहो काका, मलाही पलीकडे जायचंय.”

हे मी स्पष्ट, शुद्ध आणि मोठ्याने म्हटलं होतं. जावई साक्षीदार आहे, जर तो कधी बोलला तर. पण तेवढ्यात काकांनी तोंड फिरवलं, खाली वाकले, काहीतरी खुडबुड केली आणि वळून माझ्या हातात एक निळी प्लास्टिकची डबी दिली.

“यात काय आहे?”

“कवली,” काका म्हणाले. “वलची. खालचे माझे श्वतःचे आहेत.”

आधीची कवळी पोहताना शिंक आल्यामुळे अरबी समुद्रात गेली होती, ती बहुधा अजून तिथेच आहे, असा खुलासा त्यांनी केला आणि शिट्टी फुंकत बदकासकट पाण्यात उतरले. परक्याची कवळी हातात असताना माणूस कसा नकार देतो, हे मला कुणीतरी शिकवावं. दगडावर ठेवून जाता येत नाही. घरंगळली तर? खिशात घालून पोहता येत नाही. पुढे गुहेच्या तोंडाशी तर दोन कातळांमधून जेमतेम डोकं जाईल एवढीच फट आहे, असं सगळे सांगतात. त्या फटीतून स्वतःचं डोकं न्यायचं की दुसऱ्याचे दात?

पुढचा प्रकार गर्दीच्या स्वभावाला धरूनच झाला. एक बाई, पुढ्यात पिशव्या, हातात डबी, पाण्यात उतरत नाही. म्हणजे हिला कुणीतरी नेमलेलं आहे. गोऱ्या कातडीच्या एका जोडप्याने माझ्याकडे बघून अंगठा दाखवला आणि सॅक ठेवली. केरळच्या पोरांचा घोळका आला, “चेची, प्लीज!” (चेची म्हणजे ताई) म्हणाला आणि सहा चपलांचे जोड मांडून गेला. एका माणसाने ड्रोन ठेवला. ड्रोन! फक्त एका ओमानी कुटुंबाने रीतसर सलाम करून आधी विचारलं, मी हो म्हणेपर्यंत वाट पाहिली, आणि वर मला खजूर आणि थर्मासातला कहवा दिला. त्यांच्या सामानाकडे मी मनापासून लक्ष दिलं. बाकीच्यांचं नुसतं समोर होतं.

बसल्या बसल्या पाय पाण्यात सोडले, तर बोटाएवढे मासे येऊन टाचेची कातडी कुरतडायला लागले. मॉलमध्ये ह्याचे पैसे घेतात. समोरचे कडे बघून आठवलं, ह्याच वादीत २०१२ साली रेड बुलच्या क्लिफ डायव्हिंग मालिकेची शेवटची फेरी झाली होती. २७ मीटरवरून, म्हणजे आठ-नऊ मजल्यांवरून, माणसं कोलांट्या मारत पाण्यात पडतात तो प्रकार. कोण जिंकलं, किती गुण मिळाले, सगळं लिहून ठेवलेलं आहे. त्यांचे कपडे कोण धरून बसलं होतं, ते कुठेही सापडत नाही.

आणि खरं सांगू का, हे काही त्या काकांपुरतं नाही. देवळाबाहेर चपलांपाशी मी. दुकानात ट्रायल रूमच्या बाहेर शर्टांचा ढीग धरून मी. विमानतळावर “तू इथे थांब, आम्ही बघून येतो,” तर ते बघून येणार आणि मी बॅगा बघणार. घरातून निघताना तिघांचे तीन मोबाईल, दोन पाकिटं, एक चार्जर आणि कुणाचीतरी अर्धी प्यालेली बाटली माझ्या पर्समध्ये येते, आणि मग “केवढी जड पर्स घेतेस!” असं मलाच ऐकवलं जातं. ह्यांच्या चष्म्याचं घर कुठे असतं हे ह्यांना आजतागायत ठाऊक नाही. मला ठाऊक आहे. ते माझ्या पर्समध्ये असतं. निसर्ग बघून आल्यावर फोटोत कोण नाही ते बघा, सामान त्या बाईपाशी होतं.

रियाल घेतात तर चार कुलपाच्या पेट्या बसवाव्यात, असंही मनात आलं. पण हा सगळा डोंगर चुनखडीचा उघडाबोडका, वर पाऊस झाला की पाणी मुरत नाही, थेट घळीतून धावतं. २००७ च्या जूनमध्ये गोनू चक्रीवादळ ह्याच किनाऱ्याला धडकलं होतं. पेट्या असत्या तर सगळ्यांच्या किल्ल्या काकांच्या पहिल्या कवळीच्या भेटीला गेल्या असत्या.

तेवढ्यात मोबाईल वाजला. माझ्या फोनला त्या घळीत एक दांडी नव्हती. काकांचा वाजला.

“हॅलो?” मी म्हटलं.

पलीकडे शांतता. मग, “कोण बोलतंय?”

“मी… काका चालतायत.”

“कुठे?”

“पाण्यात,” तोंडातून गेलं.

“आणि तुम्ही कोण?”

ह्या प्रश्नाला उत्तर शोधेपर्यंत माझं इतकं शिक्षण, नोकरी, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. “मी त्यांचं सामान सांभाळतेय.”

“दात काढून दिले का त्यांनी?”

“दिले.”

“मग असू दे,” काकू म्हणाल्या. खऱ्या काकू. आणि फोन ठेवला.

बऱ्याच वेळाने शिट्टी ऐकू आली, पाठोपाठ बदक, मग काका. मी न बोलता डबी पुढे केली. त्यांनी कवळी त्याच कुंडाच्या पाण्यात खळबळून बसवली. माझ्या टाचा कुरतडणारे मासे तिथेच होते, पण मी काही म्हटलं नाही.

“कसा आहे धबधबा?”

“काही नाही हो. फटीतून आत शिरायचं, वरून उजेड येतो, पाणी पडतं. आपल्याकडे पावसाळ्यात घाटात असे ढीगभर.” मग चष्मा लावून त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “पण तुम्ही जायला हवं होतं. एवढ्या लांब येऊन नुसतं बसून राहायचं म्हणजे… पाण्याची भीती वाटते का?”

मी काही बोलायच्या आत ते वाटेतल्या बिम्मा सिंकहोलच्या विषयाकडे वळले. तो खड्डा आकाशातून उल्का पडून झाला, असं त्यांनी जावयाला समजावलं. खालचा चुनखडक पाण्याने झिजून छत खचलं म्हणून तो झाला, हे मला माहीत होतं, आणि हात रिकामे झाल्यामुळे आता मी वाद घालूही शकत होते. पण वळणावरून आमचे दोघे आले. ओठ निळे, चेहरे तेजःपुंज.

“आई, तू का नाही आलीस? भारी होतं!”

“अगं, मी तुझ्यासाठी व्हिडिओ काढलाय,” हे म्हणाले. तो व्हिडिओ मी पाहिला. त्यात ह्यांचा अंगठा आहे आणि मागे पाण्याचा आवाज आहे.

मी म्हटलं, आता मी जाते, तुम्ही बसा. तर म्हणे ऊन उतरलं, बोट बंद होईल, धोंड्यांवरून अंधारात कसं जायचं, पुढच्या वेळी नक्की. केरळची पोरं अजून आतच होती आणि त्यांना बोटीची घाई दिसत नव्हती. त्यांच्या चपला मी तशाच टाकून आले. ड्रोनवाल्याचा ड्रोनही. कुणाचं काय झालं मला माहीत नाही आणि मी चौकशी करणार नाही.

बोटीच्या रांगेत काका नेमके आमच्या पुढे. ह्यांच्याशी ओळख झाली, गाव निघालं, नंबरांची देवाणघेवाण झाली. बोट सुटताना ते माझ्याकडे वळून, सगळे दात दाखवत म्हणाले, “पुढच्या शुक्रवारी आम्ही वादी बनी खालिदला जातोय. तुम्हीही या सगळे. काकू, तिथे बसायला फार छान सावली आहे.”

हे “नक्की येतो” म्हणाले.