‘सातवी शिकलेल्या बाईला’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. आमच्या खव्याच्या दुकानाची फेसबुकवर जाहिरात करायला आम्ही घरीच कसं शिकलो, या मागच्या लेखावर तुमची लांबलचक प्रतिक्रिया आली. दोनदा वाचली. त्यात तीन गोष्टी आहेत. जाहिरातीच्या खर्चात मी जीएसटी धरला नाही. पैसे भरून पोस्ट जास्त लोकांना दाखवणाऱ्या फेसबुकच्या ‘बूस्ट’ बटणाला मी उगाच नावं ठेवली. आणि तिसरी तुमच्याच शब्दांत: "सातवी शिकलेल्या बाईला अ‍ॅड्स मॅनेजर शिकवत बसण्यापेक्षा एजन्सीला पैसे द्या आणि आपण कढईकडे बघा." (अ‍ॅड्स मॅनेजर म्हणजे फेसबुकवर जाहिराती लावायचं साधन.)

जीएसटीचं मान्य. दोन हजारांच्या जाहिरातीवर १८ टक्क्यांनी ३६० रुपये आणखी जातात, ते लिहायला हवं होतं. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता ती सातवी शिकलेली बाई. ती माझी आई आहे, हे लेखात स्पष्ट लिहिलं होतं. तरी तुम्ही ‘बाई’ म्हणालात. तुमचा मुद्दा तिला मध्ये न आणताही मांडता आला असता. आमच्या भूम तालुक्यात गावोगाव भट्ट्या आहेत. कुंथलगिरीच्या खव्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा सगळ्यांनी पेढे वाटले. तो खवा धुरात बसून आटवणाऱ्या बायका किती शिकल्यात, हे तेव्हा कुणी विचारलं नाही.

आई काय शिकली ते सांगतो. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस, म्हणजे धंदेवाल्यांसाठीचं व्हॉट्सअ‍ॅप, २०१८ पासून आहे, आमच्या घरात ते लॉकडाऊनमध्ये आलं. बाजार बंद, दूध तर रोज येणार. फोनची भाषा मराठी करून दिली आणि आठवडाभरात तिनं लेबलं लावायला सुरुवात केली. नवीन गिऱ्हाईक वेगळं, पैसे बाकी असलेलं वेगळं, माल पोचलेलं वेगळं. उधारीची वही ती तीस वर्षं लिहीत आलीय, तिला यात नवीन काय होतं?

ब्रॉडकास्टचं, म्हणजे एकच निरोप एकदम अनेकांना पाठवण्याचं, तर तिनंच शोधून काढलं. एका यादीत २५६ नंबर बसतात, पण ज्यानं आपला नंबर सेव्ह केलाय त्यालाच निरोप पोचतो. मला हे ठाऊक नव्हतं, मी रेंजला दोष देत होतो. आई म्हणाली, "आरं, उत्तर दर वेळी त्याच त्याच माणसांचं येतंय. बाकीच्यांपाशी आपला नंबरच नसंल." त्या दिवसापासून ती प्रत्येक डब्यावर बॉलपेननं लिहिते, ‘आमचा नंबर सेव्ह करा’. गिऱ्हाईक समोर असेल तर सुतळीची गाठ मारता मारता विचारते, "घातला का नंबर? दाखवा बरं." हे कुठल्या एजन्सीनं केलं असतं?

आणि एजन्सी आम्ही लावून बघितलेली आहे. शहरातली होती, नाव घेत नाही. तीन महिने, महिन्याला दहा हजार. आमचा खवा दाणेदार, त्यांनी नेटवरून गुळगुळीत पांढऱ्या बर्फीचा फोटो घेतला आणि खाली इंग्रजीत दोन ओळी. जाहिरात सोडली अख्ख्या महाराष्ट्रात. नागपूरहून विचारणा यायच्या, "किलोचा भाव?" मे महिन्यात एसटीनं नागपूरला खवा पाठवून बघा, काय पोचतं ते. व्हिडिओ काढायला त्यांचा मुलगा एकदाच आला, तोही अकरा वाजता. आमची भट्टी पहाटे चारला पेटते, तोवर कढई घासून पालथी घातलेली होती.

काम थांबवलं तेव्हा कळलं, की फेसबुकचं पेज त्यांच्याच खात्यातून उघडलेलं आहे आणि पूर्ण ताबा त्यांच्याकडेच आहे. दोन महिने फोन केले. शेवटी अकराशे लोक जोडलेलं ते पेज सोडून दिलं आणि नवं उघडलं. वडील तेव्हा काही बोलले नाहीत, पण त्या तीस हजारांत एक म्हैस अर्धी आली असती. तुम्ही "एजन्सीला पैसे द्या" हे एका ओळीत लिहून मोकळे झालात, म्हणून मला एवढं लिहावं लागतंय.

आता जाहिरात आम्ही गौरी-गणपतीच्या आधी आठ दिवस आणि दिवाळीच्या आधी दहा दिवस चालवतो. बार्शीभोवती ४० किलोमीटर, धाराशिवभोवती तेवढंच. बटण दाबलं की थेट आईचं व्हॉट्सअ‍ॅप उघडतं. व्हिडिओ कढईचाच असतो. खवा कडा सोडायला लागतो तेव्हाची वीस-पंचवीस सेकंदं. वाफेनं कॅमेऱ्याची काच धुरकट होते, म्हणून आई पदरानं ती पुसते आणि मग म्हणते, "काढ आता." ती वेळ तिला कळते, मला अजून नीट कळत नाही. तुम्ही म्हणता कढईकडे बघा. आम्ही कढईकडेच बघतोय, फोन हातात धरून.

बूस्टनं तुमचं गिऱ्हाईक वाढलं असेल तर आनंद आहे, करत राहा. त्यावर वाद घालायला मला वेळ नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पुन्हा लिहिणार असाल तर जरूर लिहा, चुका दाखवा, जीएसटीसारख्या दाखवा, दुरुस्त करीन. माझ्या आईचं शिक्षण मात्र त्यात आणू नका. पहाटे भट्टी आहे, इथंच थांबतो.