कारागीर पंधरा दिवसांत घडत नाही

पारंपरिक हस्तकलांसाठी आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हटले की बहुधा एकच चित्र डोळ्यांसमोर येते: परदेशातून एखादा डिझायनर येतो, पंधरा दिवसांचे शिबिर घेतो, त्याच्या बाजारात खपतील असे नमुने कारागिरांकडून करून घेतो आणि प्रमाणपत्रे वाटून झाली की सगळे आपापल्या वाटेने जातात. अशी शिबिरे अगदीच निरुपयोगी असतात, असे मी म्हणणार नाही. पण शिकवणारा कोण आणि शिकणारा कोण हे तिथे आधीच ठरलेले असते, आणि माझा आक्षेप त्यालाच आहे.

१९२० साली बर्नार्ड लीच हा इंग्रज कुंभार जपानहून मायदेशी परतला, तेव्हा शोजी हामादा हा जपानी कुंभार त्याच्याबरोबर गेला. दोघांनी सेंट आइव्ह्ज येथे कार्यशाळा उभारली, जपानी पद्धतीची उतारावरची भट्टी बांधली आणि हामादा सुमारे तीन वर्षे तिथेच राबला. पुढे १९५४ मध्ये लीच जपानमधल्या ओन्टा या कुंभारांच्या वस्तीत जाऊन राहिला आणि मातीच्या भांड्याला कान लावण्याची इंग्रजी रीत त्याने तिथे दाखवली. मातीची जाडसर वळकटी भांड्याच्या गळ्याशी चिकटवायची, हात पाण्यात बुडवून ती मुठीतून हलकेच खाली ओढत न्यायची आणि पुरेशी निमुळती झाली की वळवून तिचे टोक भांड्याच्या पोटाशी दाबायचे. सांगायला हे इतके सोपे आहे. हाताला उमगायला मात्र शेजारी बसूनच शिकावे लागते. मला अभिप्रेत असलेले सहकार्य हे असे, दोन्ही बाजूंनी शिकण्याचे आहे.

त्याला वेळ लागतो, आणि वेळेला पैसा लागतो. जपानने १९७४ मध्ये पारंपरिक हस्तोद्योगांसाठी कायदा केला. त्यानंतर सुरू झालेल्या ‘पारंपरिक कारागीर’ या मानांकनाच्या परीक्षेला बसण्यासाठी किमान बारा वर्षांचा अनुभव लागतो, म्हणजे अक्षरशः एक तप. फ्रान्सने १९९४ पासून निवडक कसबी कारागिरांना ‘मेत्र दार’ हा किताब देण्यास सुरुवात केली. त्या कारागिराने एका शिष्याला तीन वर्षे विद्या द्यायची आणि सरकारने त्यासाठी अर्थसाहाय्य करायचे, अशी ती योजना आहे. शिकण्याच्या काळात शिष्याने पोट कसे भरायचे, या प्रश्नाला बगल देणारा कोणताही प्रशिक्षण कार्यक्रम मला अपुराच वाटतो, मग त्याच्या पत्रिकेवर कितीही देशांचे झेंडे असोत.

कच्च्या मालाचा विषय तर या चर्चांमध्ये शेवटच्या पाच मिनिटांत उरकला जातो. जपानी लाखकामाला लागणारी उरुशी म्हणजे एका झाडाचा चीक. ते झाड दहा-पंधरा वर्षे वाढवायचे, मग एका हंगामात खोडावर खाचा पाडून थेंब-थेंब चीक गोळा करायचा, आणि एवढे करून एका झाडापासून हाती येतो तो जेमतेम २०० ग्रॅम. त्यामुळे बराचसा चीक चीनमधून आयात होत राहिला. राष्ट्रीय वारशाच्या वास्तूंच्या दुरुस्तीत देशी उरुशीच वापरायची, असे जपानच्या सांस्कृतिक विभागाने ठरवले, तेव्हा कुशल चीक काढणाऱ्यांचा तुटवडा ठळकपणे जाणवू लागला. म्हणजे लाखेची वाटी रंगवणाऱ्याला शिकवून भागत नाही. चीक काढणाराही शिकवावा लागतो. आणि खाचा पाडण्याचे ते खास वाकडे अवजार घडवणारे लोहार तर आता बोटांवर मोजण्याइतकेच उरले आहेत, त्यांच्या हाताखालीही कोणाला तरी बसवावे लागेल.