मग कलम कुठलं लावणार, सांग ना

काल कट्ट्यावर परत तीच बातमी. सगळ्यांनी वाचलेली, त्यामुळे कोणी कोणाला सांगत बसलं नाही. डेटिंग ॲपवरून बोलावलेला पोरगा, खोलीत चौघं, व्हिडिओ, पैसे, आणि गुन्हा दाखल कशाचा तर मारहाण आणि खंडणी. त्या खोलीत त्या पोरावर जो लैंगिक अत्याचार झाला त्याबद्दल एफआयआरमध्ये एक ओळ नाही, आणि माझं डोकं त्यानेच फिरलंय.

संज्याने बसायच्या आधीच निकाल देऊन टाकला. "अरे 'अनैसर्गिक' संबंधांना, म्हणजे समलिंगी संबंधांनाही, गुन्हा ठरवणारं कलम ३७७ गेलं ना? तुम्हालाच पाहिजे होतं ना? मोर्चे काढले, झेंडे नाचवले, मग आता रडताय कशाला?"

मुग्धा फौजदारी वकील आहे, दिवसभर कोर्टात बोलून घसा बसलेला असतो तिचा, तरी संज्याला उत्तर द्यायला तिचा आवाज बरोबर परत येतो. "संज्या, तू बातमी वाचतोस का नुसता फोटो बघतोस? सुप्रीम कोर्टाने ६ सप्टेंबर २०१८ ला ३७७ अख्खं काढलंच नव्हतं. दोन सज्ञान माणसं राजीखुशीने जे करतात तेवढ्यापुरतं ते बाद केलं. जबरदस्ती केली तर कलम जिवंत होतं, थेट जन्मठेपेपर्यंत. अख्खं उडवलं ते जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या नव्या न्याय संहितेत, १ जुलै २०२४ पासून. संसदेच्या समितीने आधीच सांगितलं होतं की जबरदस्तीचा भाग ठेवा, नाही ठेवला. प्रेमाला गुन्हा म्हणू नका अशी मागणी होती. बलात्काराला गुन्हा म्हणू नका असं कोणी मागितलं होतं, दाखव मला."

"बरं मग बलात्काराचं कलम लावा की. कायदा सगळ्यांना सारखा." हे वाक्य संज्या हेल्मेटपासून जीएसटीपर्यंत सगळ्यावर म्हणतो.

"नव्या संहितेतलं बलात्काराचं कलम ६३ काढ मोबाईलवर. पुरुषाने स्त्रीवर, अशीच व्याख्या आहे. पोक्सोत, म्हणजे अठराच्या आतल्यांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्यात, मुलगा-मुलगी भेद नाही, म्हणजे सतरा वर्षं अकरा महिन्यांच्या पोरावर झालं तर कडक कायदा, आणि वाढदिवस झाला की त्याच पोरावर तेच झालं तर दुखापत."

संज्या म्हणे पुरुषावर असं कोण करतंय, हे आपल्याकडे नसतंच मुळात. राहुल तोपर्यंत गप्प होता. तो म्हणाला, "मी त्या पोराच्या जागी असतो तर पोलिसात गेलो नसतो. आणि मग तू म्हणाला असतास की बघ, एकही तक्रार नाही." राहुलबद्दल कट्ट्यावर सगळ्यांना माहितीये, संज्यालाही, त्यामुळे तो जरा चपापला.

मग जाधवकाका बोलले. काका हवालदार म्हणून रिटायर झालेत, एरवी राजकारण सोडून कशावर बोलत नाहीत. "पोरांनो, ठाणे अंमलदार काय करतो मी सांगतो. समोर माणूस उभा, तोंडातून शब्द फुटत नाही, आणि आपण विचारतो नक्की काय केलं, मोठ्याने सांग. बाकावर चार लोक बसलेले. तो म्हणतो जाऊ द्या साहेब. झालं, मिटलं. आणि ते जुनं ३७७ होतं ना, ते केस करायला कमी आणि खिसे मोकळे करायला जास्त वापरलेलं मी बघितलंय. बागेत दोघं बसलेले दिसले की गाडीत घ्यायचं, घरी फोन लावू का विचारायचं. कोर्टापर्यंत जायचंच नाही ते."

"काका, आणि तुम्ही?" राहुलने विचारलं.

"मी गाडीत बसलेला असायचो," काका म्हणाले. कोणी काही बोललं नाही. मला काकांबद्दल त्या क्षणी राग पण आला आणि आदर पण वाटला, कारण त्यांच्या खात्यातली दुसरी माणसं हेही कबूल करत नाहीत.

संज्याला शांतता सहन होत नाही. "माझी स्कूटर चोरीला गेली तेव्हा पण काकांनी एफआयआर घेतला नव्हता, साधा अर्ज लिहून घेतला!" काका उसळले, "तीन पानं लिहिलीस रे तू, सासऱ्यांनी गाडी कशी दिली, रंग कसा निवडला, आणि गाडीचा नंबर? नंबर कुठंय?" यावर जे हसणं झालं त्यात पाच मिनिटं गेली. नंबर संज्याला अजून आठवत नाही.

सुनीताताई उशिरा आल्या, त्या महिला समुपदेशन केंद्रात काम करतात, आणि आल्या आल्या मुग्धाशीच भांडल्या, जे कोणाला अपेक्षित नव्हतं. "बलात्काराचं कलम जेंडर न्यूट्रल करा, आरोपी-पीडित कोणीही असू दे, म्हणणं सोपंय गं. केलं की पहिल्याच आठवड्यात नवरा बायकोवर उलटी केस टाकेल. २०१३ ला, निर्भया प्रकरणानंतर नेमलेल्या वर्मा समितीच्या अहवालानंतर अध्यादेश निघाला त्यात आरोपी कोणीही असू शकेल असं आलं होतं, बायकांच्या संघटना भांडल्या म्हणून कायद्यात ते बदललं. विसरलीस?"

"विसरले नाही ताई. पण आरोपी पुरुष ठेवा आणि पीडित कोणीही असू दे, हे का नाही केलं? वर्मा समितीला पीडित कोणीही चालत होतं. अध्यादेशातलं एक टोक सोडताना दुसरं पण सोडलं."

"ते मला मान्य आहे."

"आणि बाईने बाईवर केलं तर?" राहुल. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या, मग परत जुंपली, आणि त्याचा निकाल काही लागला नाही.

मग संज्याला आठवलं की तृतीयपंथीयांसाठी वेगळा कायदा केलाय सरकारने. मुग्धा इतकी चिडलेली मी आधी पाहिली नव्हती. "२०१९ चा ना? त्यात लैंगिक अत्याचाराला शिक्षा ठेवली सहा महिने ते दोन वर्षं. स्त्रीवर बलात्कार केला तर किमान दहा. आता ऐक, १८७१ ला इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला, त्यात हिजड्यांची नावं रजिस्टरला लावायचे, आणि रजिस्टरवरचा माणूस साडी नेसून रस्त्यावर दिसला तर विना वॉरंट अटक, दोन वर्षांपर्यंत कैद. तेव्हा साडी नेसल्याबद्दल दोन वर्षं, आणि आता तिच्यावर अत्याचार केल्याबद्दल दोन वर्षं. दीडशे वर्षांत एवढी प्रगती."

"पण नव्या संहितेत ट्रान्सजेंडर शब्द आहे, मी वाचलंय," संज्या.

"आहे, व्याख्येत. 'तो' म्हणजे कोण ते सांगताना. बलात्काराच्या कलमात परत पुरुष आणि स्त्रीच. सर्जरी करून स्त्री झालेल्या व्यक्तीला घरगुती हिंसाचार कायद्याचं संरक्षण आहे असं मुंबई हायकोर्टाने २०२३ ला म्हटलं, म्हणजे जे मिळालं ते कोर्टात भांडून. आणि गंमत नाही, भयंकर गोष्ट सांगते. नव्या संहितेत 'अनैसर्गिक वासना' अजून आहे. कलम ३८. तशा हेतूने कोणी अंगावर आला तर स्वसंरक्षणात त्याचा जीव गेला तरी तुला माफ आहे. म्हणजे त्याला मारलास तर कायदा तुझ्या बाजूने, आणि जिवंत सोडून पोलिसात गेलास तर कलम नाही."

संज्याने खरंच मोबाईल काढून ३८ वाचलं. दोनदा वाचलं. मग अगदी वेगळ्याच आवाजात म्हणाला, "मग त्या पोराने आता करायचं काय?"

"थांब," काका म्हणाले. "त्याला फसवून बोलावलं ना? खोटा फोटो, खोटं नाव? मग ते अपहरण होतं की! पूर्वी दंड संहितेत कलम ३६७ होतं बघ."

"आता १४० चं पोटकलम ४!" मुग्धा ओरडलीच. "तसल्या वासनेसाठी फसवून नेलं तर दहा वर्षांपर्यंत. कोणालाही नेलं तरी, बाईच पाहिजे असं नाही. बलात्कार शब्द नाही येणार, पण खोलीत काय झालं ते निदान कागदावर येईल. मॅजिस्ट्रेटसमोर जबाब घ्यायला लावायचा."

"मी आधी सांगितलं," काका.

"तुम्ही जुना नंबर सांगितला."

"प्रश्न मी विचारला म्हणून निघालं ना ते," संज्या मध्येच. "क्रेडिट माझं."

"तू आधी गाडीचा नंबर सांग," राहुल म्हणाला, आणि सुनीताताईंसकट सगळे फुटले. मुग्धा मात्र हसता हसता उठून कडेला गेली होती, त्या पोराच्या वकिलाचा फोन नंबर कोणाकडे मिळेल ते विचारत होती.