व्हिनेगर होतं म्हणे!

द्राक्षांचा हंगाम आला की नाशिकच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो: 'वाईन साठवायची तर बोर्दो नाहीतर बरगंडीची. बाकीची पाच वर्षांत व्हिनेगर होते, विकायला गेलात तर कुणी विचारत नाही. आणि नाशिकची? ती खायची द्राक्षं!'

बोर्दो आणि बरगंडी म्हणजे फ्रान्समधले वाईनचे नावाजलेले प्रदेश. आधी व्हिनेगरचं बघू. बूच घट्ट असेल तर व्हिनेगर करणाऱ्या जिवाणूंना लागेल तेवढी हवाच आत जात नाही. वाईन किती टिकणार हे आम्लता, टॅनिन (तुरटपणा देणारा घटक), साखर आणि अल्कोहोलवर ठरतं. फ्रान्समधलाच जुरा हा प्रदेश घ्या. तिथली 'व्हाँ जोन' सहा वर्षांहून जास्त काळ पिंपात असते, तीही पिंप वरून न भरता; पृष्ठभागावर यीस्टचा पापुद्रा धरतो आणि तोच तिला सांभाळतो. पोर्तुगालच्या मदेरा बेटावरची वाईन तर बनतानाच उष्णता सोसते, म्हणून शंभरी ओलांडलेल्या बाटल्याही लोक आवडीनं उघडतात. लेबनॉनमधली शातो म्युझार ही वायनरी, स्थापना १९३०ची, आपली मुख्य रेड वाईन बाजारात आणते तीच सुमारे सात वर्षांनी. मेसेजच्या हिशेबानं ते व्हिनेगरच विकतात म्हणायचं.

विकायचा मुद्दा मात्र खरा आहे. अनोळखी प्रदेशाच्या बाटलीला लिलावात गिऱ्हाईक कमी. पण आपल्याकडे परवान्याशिवाय दारू विकणं हाच गुन्हा, तेव्हा बोर्दो घेऊन तरी कुठे विकणार आहात? प्यायलाच साठवायची, तर अनोळखी प्रदेशाच्या त्याच पैशात चार बाटल्या जास्त येतात, हे काय वाईट?

आता नाशिक. खायचं बिनबियांचं थॉमसन द्राक्ष वेगळं. वाईनसाठी शिराझ, कॅबर्ने, शेनिन ब्लाँ या जाती लावतात, बारीक मण्यांची आणि बियांची. पाऊस सरताना गोडी छाटणी (फळ धरण्यासाठीची छाटणी) होते, त्यामुळे द्राक्ष थंडीत पिकतं आणि गार रात्रींमुळे आम्लता टिकते. तरी खोटं कशाला बोला, इथली बहुतेक वाईन लवकर प्यायलाच केलेली असते. शेनिन ब्लाँची पांढरी वाईन जपून ठेवू नका. ओकच्या लाकडी पिंपात मुरलेली रिझर्व्ह शिराझ मात्र काही वर्षं ठेवून बघा.

आणि ठेवायची कुठे, याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही. मी एक बाटली स्लॅबखालच्या माळ्यावर ठेवली होती. एप्रिल-मे गेला, बूच अर्धा इंच वर आलं, आणि चव उकडलेल्या मनुकांसारखी. बाटली बोर्दोची होती.