डावी भुवई, उजवी भुवई

मालवणात पार्लर चालवते मी, एकोणीस वर्षं झाली. शिकायला येणारी प्रत्येक मुलगी पहिल्या महिन्यात एक चूक हमखास करते. डावी भुवई जाड वाटते म्हणून दोन केस काढते. मग उजवी जाड वाटते, तिथले तीन. असं करत करत समोरच्या बाईच्या कपाळावर दोन रेघा उरतात, आणि आमची बाय दातात दोरा धरून अजून डावीकडेच बघत असते. मी तिला दंडाला धरून मागे ओढते. इतक्या जवळून नुसती भुवई दिसते, बाई दिसत नाही.

यंदा गणपतीला मुंबईहून मामेबहीण आली, तेव्हा हेच आठवलं. तिची सुरुवात कपाळावरच्या आठ्यांनी झाली. बोटॉक्स. त्याचं मला काही वाटलं नाही. नसेकडून स्नायूला जाणारा निरोप ते अडवतं, तीन-चार महिन्यांत असर उतरतो. पण कपाळ गुळगुळीत झाल्यावर गाल बसके वाटायला लागले, तिथे फिलर, म्हणजे कातडीखाली भराव घालणारं इंजेक्शन. गाल भरले तर ओठ पातळ. मग हनुवटी. आता नाकाच्या ऑपरेशनची तारीख घेऊन आलीय.

आरतीनंतर आईनं तिला जवळ घेऊन मामाची आठवण काढली. हिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण कपाळ, भुवया जागच्या हलल्या नाहीत. नंतर पडवीत आई मला म्हणाली, "पोर हसता की रडता, माका काय कळाक नाय गो." दहीकाल्याला रात्रभर दशावतार बघणारी बाई आहे ही. राजाची भुवई चढली की शेवटच्या रांगेतून ओळखते, आता युद्ध होणार.

मी ऑपरेशनच्या विरोधात नाही. फाटलेल्या ओठाचं बाळ, स्टोव्हच्या भडक्यात भाजलेली बाई, यांना कोण नको म्हणेल? इंग्रजांच्या फौजेतला मराठी गाडीवान कावसजी १७९२ च्या लढाईत टिपूच्या हाती लागला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभर तसाच काढल्यावर पुण्याजवळच्या, विटा करणाऱ्या जातीतल्या एका माणसानं कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवं नाक बसवलं. १७९४ साली लंडनच्या मासिकात ते चित्रासकट छापून आलं. कावसजीला नाक हवं होतं, नाक मिळालं, विषय मिटला. पण जे कधी गेलंच नव्हतं ते परत आणायला निघालेल्यानं थांबायचं कुठे?

तिचा २००९ चा लग्नाचा फोटो माझ्या अल्बममध्ये आहे, नवरी मीच सजवली होती. मुद्दाम दाखवला. म्हणाली, "शी, किती गावंढळ!" मला तिथेच कळलं. ती स्वतःशी तुलना करतच नव्हती, गेल्या महिन्यातल्या चेहऱ्याशी करत होती. जो दोष दुसऱ्या कुणाला दिसत नाही तोच माणसाला दिवसभर छळतो, अशा आजाराला डॉक्टर बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर म्हणतात. तिथे सुरी कामाची नाही, मानसोपचार लागतात, आणि चांगला सर्जन असा पेशंट परत पाठवतो. हिला तो आजार आहे असं मी म्हणत नाही, तेवढं माझं शिक्षण नाही. पण एवढ्या खेपांत तिला एकदाही कुणी 'आता पुरे' म्हटलेलं नाही.

म्हणणार तरी कोण? मलासुद्धा फोन आला होता: दोन दिवसांचा कोर्स करा, सर्टिफिकेट घ्या, पार्लरमध्येच फिलर सुरू करा. ते रक्तवाहिनीत गेलं तर कातडी मरते, क्वचित डोळाही जातो. प्लास्टिक सर्जन व्हायला एमबीबीएस, एमएसनंतर आणखी तीन वर्षं लागतात, आणि मी दोन दिवसांत सुई हातात घेऊ? फोन ठेवला.

निघायच्या दिवशी ती माझ्या खुर्चीत येऊन बसली. "जरा दोरा फिरव ना." भुवया छान होत्या, काढण्यासारखा एक केस नव्हता. तसं सांगितलं. आरशाजवळ वाकून ती बघत राहिली. "डावी जरा खाली आलीय ना?"

दोरा डब्यात टाकला आणि तिच्या करंज्या बांधायला आत गेले.