"सेट फोडून मिळत नाही, मॅडम"

मार्च संपत आला की शाळेच्या ग्रुपवर पुस्तकांची यादी येऊन पडते आणि पुढे बरेच दिवस घरात माझ्याशी कुणी नीट बोलत नाही, कारण मीच कुणाशी नीट बोलत नसते. दुकान एकच, शाळेने सांगितलेलं. बाहेर उन्हात रांग, आत इयत्तेप्रमाणे खाकी पाकिटांचे ढीग. मी म्हटलं, गणित आणि व्याकरण मोठीचं आहे घरात, तेवढं वगळून द्या. काउंटरवरचा मुलगा मान वर न करता म्हणाला, "सेट फोडून मिळत नाही, मॅडम." बरं, कव्हरं तरी नकोत, जुनी कॅलेंडरं पडलीयेत घरी. "कव्हरं सेटमध्येच आहेत." त्यावर शाळेचं बोधचिन्ह. नावाच्या चिठ्ठ्याही त्यातच. स्वतःच्या पोराचं नाव लिहायच्या चिठ्ठीचेसुद्धा पैसे मोजायचे!

(इंग्रजी माध्यमात घातलंय, हो. त्यावरून टोमणे मारायचे ते नंतर मारा.)

मोठीची चौथीची पुस्तकं मी गोणीत डांबरगोळ्या टाकून माळ्यावर ठेवली होती. भांडुपच्या वन रूम किचनमध्ये माळ्यावरची जागा काय मोलाची असते, ते तिथे राहणाऱ्यालाच कळेल. यंदा काढली आणि नवी शेजारी ठेवून पान न् पान ताडून पाहिलं. परिसर अभ्यासात धडे तेच, फक्त क्रम फिरवलेला. गणितातला रवी पूर्वी आंबे विकायचा, आता आरव मँगो शेक विकतो. हिशोब तोच, उत्तर तेच. वर मुखपृष्ठावर 'सुधारित आवृत्ती'. सुधारलं काय, तर किंमत.

आणि जी बदलत नाहीत ती दुसऱ्यांदा वापरताच येऊ नयेत अशी छापलेली असतात. प्रत्येक धड्याखाली रिकाम्या जागा, चिकटवायच्या चौकटी, कापून काढायची पानं. मागच्या कव्हराच्या आत एक चंदेरी पट्टी, नाण्याने खरवडायची. खालचा कोड फोनवर टाकायचा, तो एकदाच चालतो. म्हणजे धाकट्या भावाने ताईचं पुस्तक घेतलं तर निम्मा अभ्यास त्याला बंद. एका पुस्तकात 'माझे आवडते पुस्तक' असं पान आहे. चित्राला चौकट आणि खाली दोन ओळी. त्या दोन ओळी ताईने भरल्या, झालं, पुस्तक बाद. रद्दीवालासुद्धा त्याला पेपरपेक्षा कमी भाव देतो.

'आमच्या वेळी' म्हटलं की पोरं डोळे फिरवतात. फिरवू देत. परळला आमच्या चाळीत निकाल लागला की त्याच संध्याकाळी सौदे व्हायचे. वरच्या मजल्यावरच्या ताईची बालभारतीची पुस्तकं मला अर्ध्या किमतीत, माझी खालच्या बाळ्याला पाव किमतीत. पहिल्या पानावर तीन नावं, त्यातली दोन खोडलेली. ताईने पेन्सिलीने लिहून ठेवलेली उत्तरं फुकट. कुणाची इज्जत गेली नाही. मध्यंतरी सरकारनेही 2023-24 पासून बालभारतीच्या पुस्तकांत वहीची कोरी पानं घालायची टूम काढली होती, दप्तराचं ओझं कमी व्हावं म्हणून म्हणे. 2025 मध्ये गुंडाळली. पण ती पुस्तकं निदान स्वस्त तरी, आणि सरकारी-अनुदानित शाळांत आठवीपर्यंत फुकट.

ठरावीक दुकानातून घ्यायची सक्ती शाळेने करायची नाही, असं शिक्षण खातं सांगतं. मी विचारलं शाळेच्या ऑफिसात. बाई गोड हसून म्हणाल्या, "सक्ती नाहीच मुळी, तुम्ही बाहेरूनही घेऊ शकता." बाहेरून कुठून? तुमच्या शाळेचं नाव छापलेली वही कुणाच्या बापाच्या दुकानात मिळते? ग्रुपवर लिहिलं, तर एका आईचा सल्ला: "जाऊ दे गं, महिन्यात एक पिझ्झा कमी खायचा." मी खातच नाही पिझ्झा! कमी काय करू, वरण?

चिडायचं खरं कारण पुढे आहे. मी काटकसरी आहे आणि मला त्याची लाज नाही, पण वाचायच्या पुस्तकांवर मी कधी हात आखडला नाही. फक्त हुशारीने घेते. दिवाळी अंक जानेवारीत अर्ध्या किमतीत. बालभारतीचं 'किशोर' दर महिन्याला. 1971 पासून निघतंय, आणि जुने अंक वेबसाइटवर फुकट वाचायला मिळतात. माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर उकिडवं बसून मी पोरांसाठी ढीग उपसते. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय 1898 पासून या शहराला पुस्तकं वाचायला देतंय. तिथे एकच पुस्तक शंभर हातांतून जातं आणि त्याचं काही बिघडत नाही. माझी दोघं माळ्याच्या शिडीवर एक वर, एक खाली बसून वाचतात, जेवायला हाका मारून घसा बसतो. यंदा सेटचे पैसे भरल्यावर या सगळ्यासाठी डब्यात काही उरलं नाही. धाकटा विचारतो, माटुंग्याला कधी जायचं?

आणि हीच शाळा पालकसभेत आम्हाला शिकवते, "घरात वाचनाचं वातावरण ठेवा, मुलांना स्क्रीनपासून लांब ठेवा." अहो, तुमची ती खरवडायची पट्टी कशावर उघडते? पाटीवर?

15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, कलामांची जयंती. शाळेत त्याच प्रकाशकाचा स्टॉल, प्रत्येक मुलाने निदान एक पुस्तक घ्यावं अशी डायरीत चिठ्ठी. वर आवडत्या पात्राचा वेश करून यायचं. आमच्याला भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे व्हायचं होतं. मला केवढा आनंद, घरचा शर्ट, घरची पँट, खर्च शून्य. टीचर म्हणाल्या, "यात कॉस्च्युम कुठेय? भाड्याने मिळतात ना." पोराने समजावून सांगितलं, फुरसुंगीचा बनेश फेणे, सायकल, साहसं, सगळं. त्यावर बक्षीस कुणाला, तर भाड्याच्या स्पायडरमॅनला.

परवा मी लेखी अर्ज दिला: कोणत्या पुस्तकात काय बदललं ते पान क्रमांकासकट कळवावे, नसल्यास जुनी पुस्तकं चालतील असे लिहून द्यावे. पोच मागितली तर ऑफिसात शिक्काच सापडेना. मी म्हटलं, शोधा, मला घाई नाही, आणि बाकावर बसून पिशवीतला दिवाळी अंक काढला. एक कथा संपायच्या आत शिक्का सापडला.